गुरुवारचा तास

"आवाज काय म्हणायचा? तर सातचा पाढा म्हणायचा," प्रशिक्षक मुलगी म्हणाली, "आणि दर वेळी एकाच जागी चुकायचा," आणि हॉलमधले सगळे हसले. ऐकणाऱ्यांत बसलेली तीही हसायच्या बेतात होती. दुपारचे तीन वाजून गेले होते, जेवण डोळ्यांवर आलं होतं, आणि सकाळपासून चाललेल्या त्या सक्तीच्या प्रशिक्षणात हसण्याजोगं असं हे पहिलंच काही आलं होतं. तिचे ओठ हललेसुद्धा. तेवढ्यात तिच्या आत, बरगड्यांच्या जरा खाली, कोणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, सात आठे चोपन्न. आणि लगेच समोरून प्रशिक्षक मुलगीही म्हणाली, "सात आठे चोपन्न. छप्पन्न नाही हां, चोपन्न." पुन्हा हशा झाला. ती पेनाचं टोपण काढत होती, ते अर्धवटच राहिलं. हे चोपन्न जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातलं एक माणूस तीन महिन्यांपूर्वी गेलं होतं.

हॉल म्हणजे तिच्या कचेरीतली जुनी कागदाची खोली. कचेरी शाळेची पुस्तकं छापायची आणि ती तिथे बावीस वर्षं मुद्रितशोधक होती. दुसऱ्यांच्या चुका समासात लाल शाईने काढून ठेवायच्या आणि त्याबद्दल कोणी आभार मानले नाहीत तरी वाईट वाटून घ्यायचं नाही, असं ते काम. कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी एक दिवसाचं प्रशिक्षण सर्वांना बंधनकारक आहे, असं वरून पत्रक आलं होतं. "मन स्वस्थच होतं, पत्रक वाचून बिघडलं," असं चित्रकाराने सकाळीच म्हणून घेतलं होतं. चार टेबलं, दर टेबलाला चार माणसं. तिच्या टेबलावर हा चित्रकार, पहिलीच्या पुस्तकातले हत्ती आणि होड्या काढून काढून पन्नाशीला आलेला. अक्षरजुळणी करणारी, जिचा स्वतःचा मुलगा यंदा पहिलीत होता आणि जी त्या हत्तींना रोज संध्याकाळी तोंड देत होती. आणि गोदाम सांभाळणारे काका, जे सकाळपासून एक अक्षर बोलले नव्हते. टेबलावर तीन कागद पालथे ठेवलेले. पहिला तेवढा सुलटा केला होता. "बाकीची पानं मी सांगितल्याशिवाय उलटायची नाहीत," प्रशिक्षक मुलगी म्हणाली होती. पंचवीस-सव्वीसची असेल, आवाज मोठा, सवयीने वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. हे पालथ्या पानांचं ऐकताच तिला काहीतरी वाटायला हवं होतं. आई असंच शिकवायची. जेवणाच्या टेबलावर तीन थप्प्या लावून ठेवलेल्या असायच्या आणि त्यांना टाचण्या मारायचं काम तिचं असायचं. पण जगात पालथी पानं काय एकटी आईच ठेवत असेल, असं वाटून ती दुपारपर्यंत निवांत बसली होती.

"ही केस आम्हाला आमच्या सरांनी शिकवली," प्रशिक्षक मुलगी सांगत होती, "आणि सरांना त्यांच्या बाईंनी. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण आमच्या कामात 'बाई' म्हटलं की त्याच. दुसऱ्या कुठल्या बाईंबद्दल बोलायचं तर पुढे आडनाव लावावं लागतं." मग तिने पहिलं पान मोठ्याने वाचलं. नऊ वर्षांचा एक मुलगा. आई डॉक्टर, दवाखाना घरातच. वडील बदलीच्या गावी, शनिवारी येणार, सोमवारी जाणार. एके दिवशी मुलगा सांगतो की स्वयंपाकघरातल्या नळातून आवाज येतो आणि तो आवाज सातचा पाढा म्हणतो. आई त्याच्यासाठी आठवड्यातला एक तास ठरवून देते. गुरुवारी चार ते पाच. दार बंद, हातात वही. पानाच्या तळाशी एकच प्रश्न: मुलाला काय झालं आहे?

"मुलाला काही झालेलं नाही," चित्रकार म्हणाला. "गणित कच्चं आहे."

"माझ्याकडे या," अक्षरजुळणीवाली म्हणाली. "आमच्याकडे शाळेच्या दिवशी पोट दुखतं, सुट्टीच्या दिवशी बरं होतं. नळबिळ काही लागत नाही."

"अहो पण आवाज म्हणतोय तो. आवाज म्हणजे जरा वरच्या दर्जाचं झालं."

ती पान बघत राहिली. टाइप नवा होता, कोणीतरी पुन्हा जुळवला होता, पण स्वल्पविराम आईचे होते. आई 'पण'च्या आधी स्वल्पविराम द्यायची आणि 'आणि'च्या आधी कधीच द्यायची नाही. तिला आठवलं ते मात्र नळाचं नव्हतं, मावशीचं होतं. मावशी आली होती, बाहेरच्या खोलीत दोघी बहिणी बोलत होत्या, आणि आईच्या बोलण्यात तीनदा कोणीतरी दारावर येऊन गेलं होतं. आई महाविद्यालयात समाजकार्य शिकवायची ते आठवड्यातले तीन दिवस. उरलेल्या दिवसांत वस्तीतल्या मनाने आजारी माणसांचं बघायची, घरीच. गल्लीतल्या न्हाव्याला, शिंप्याला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तिने एक गोष्ट शिकवून ठेवली होती: कोण तीन दिवस बाहेर आलं नाही, कोणाची दाढी वाढली, कोण एकच सामान दोनदा घेऊन गेलं, ते मला सांगा. ही तिची माणसं कधीही यायची आणि आई हातातला घास ठेवून उठायची. तेव्हा मावशी म्हणाली होती, "ताई, तुझ्या पोरीला तुझ्याशी बोलायचं असेल तर आधी तिला वेड लागायला हवं गं." आई हसली होती. "तिला कशाला, तुलाच लागू दे. तुझा नंबर आधी लावते." दोघी खूप हसल्या. ती दाराआड उभी होती. अकरा वर्षांची होती. तिला काही राग आला नव्हता, वाईटही वाटलं नव्हतं. एखादा पत्ता कळावा तसं वाटलं होतं, इतकंच. मग चार दिवस तिने विचार केला. वेड म्हणजे काय काय, हे तिला बंद दारातून अर्धंमुर्धं ऐकून ठाऊक होतं. रडणं तिला जमण्यासारखं नव्हतं, न जेवणं परवडण्यासारखं नव्हतं. आवाज सोपा होता. फक्त आईने पहिल्याच दिवशी विचारलं, काय म्हणतो, आणि त्याची तयारी तिने केलेली नव्हती. शाळेत त्या दिवशी जो पाढा चुकून छडीच्या जवळपास गेला होता तोच तिच्या तोंडातून आला, चुकीसकट.

सदतीस वर्षं तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, स्वतःच्या मुलीला नाही. एखाद्याने पेला खाली कसा ठेवला यावरून तो रात्री झोपला होता की नाही हे ओळखणाऱ्या बाईला आपण चार महिने फसवलं, ही गोष्ट तिने लहानपणी फुशारकीसारखी आणि मोठेपणी एखाद्या जुन्या गाठीसारखी जवळ बाळगली होती. दुखत नाही, वाढत नाही, पण कपडे बदलताना हात लागतोच. शेवटच्या आठवड्यात, इस्पितळात, तिने एकदा खुर्ची पलंगाजवळ ओढली होती. "आई, तुला एक सांगायचं होतं." आईने डोळे उघडले. आई सगळ्यांना म्हणायची तेच वाक्य आईने त्याच सुरात म्हटलं, "सांगावंसं वाटत असेल तर सांग. सांगायलाच हवं असं नाही." आणि तिने आईची उशी सरळ केली, पाणी दिलं, आणि सांगितलं नाही. चार दिवसांनी आई गेली. भेटायला आलेल्या माणसांची रांग जिन्यातून खाली रस्त्यावर गेली होती. त्यातल्या निम्म्यांना ती ओळखत नव्हती आणि त्यातला जो तो तिला म्हणत होता, आमचं सगळं बाईंना माहीत होतं.

"झालं? उलटा दुसरं पान," प्रशिक्षक मुलगी म्हणाली.

खोलीत कागदांची सळसळ झाली. खिडक्या बंद होत्या, रस्त्यावर काहीतरी खोदत होते म्हणून. दुसऱ्या पानावर चारच ओळी होत्या. *दुसऱ्या आठवड्यात आईच्या लक्षात आलं की मूल खोटं बोलत आहे. तिने हे मुलाला सांगितलं नाही, पण तास चालू ठेवला. वहीत नोंदीही केल्या. चार महिने. असं तिने का केलं असेल?*

तिने ते एकदा वाचलं. मग प्रूफ वाचतात तसं, एकेका शब्दावर पेनाचं टोक ठेवत, पुन्हा वाचलं. दुसऱ्या आठवड्यात. तिला पहिल्यांदा वाटलं, हे आईने नंतर घातलेलं असेल. वर्गासाठी. केस रंगावी म्हणून. मग तिला नियम आठवला, आणि तो आठवायला नको होता. केस वर्गात न्यायची तर माणूस ओळखू येता कामा नये, आई सांगायची, म्हणून तीन गोष्टी बदला. गाळायचं ते खुशाल गाळा, पण बदलायच्या त्या तीनच. चौथी बदललीत की ती केस राहत नाही, तुमची कथा होते, आणि त्या माणसाची फसवणूक होते. चौथी बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे कागद ती न वाचता परत द्यायची. ती मनात मोजू लागली. मुलीचा मुलगा, एक. अकराचे नऊ, दोन. समाजकार्यवालीची डॉक्टरीण, तीन. संपलं. वडील तसेच, नळ तसाच, गुरुवार तसाच, चोपन्न तसे. म्हणजे दुसरा आठवडाही तसाच.

मग ते चार महिने तिच्या आत एकामागून एक उलटे होऊ लागले. वेताची ती खुर्ची, जिच्यावर फक्त बाहेरून आलेली माणसं बसायची आणि जिचा एक हात सैल होता. पहिल्या गुरुवारी तिला तिच्यावर बसायला मिळालं तेव्हा पाय जमिनीला टेकले नव्हते. आई समोर स्टुलावर, मांडीवर वही. "या आठवड्यात आवाज कसा होता?" "होता." "जेवला होता का?" तेव्हा तिला हे प्रश्न शास्त्रातले वाटले होते, पुस्तकातून आलेले. "आवाजाला शाळा आवडते का?" नाही. "का गं?" डब्याच्या सुट्टीत त्याच्याशेजारी कोणी बसत नाही. "आणि घरी?" आवाजाला दुपारी कुलूप काढून घरात यायला आवडत नाही, कारण घर गप्प असतं. आई लिहून घ्यायची. पुढच्या आठवड्यापासून दुपारी शेजारच्या आजी दाराशी येऊन बसायला लागल्या होत्या, आणि तिने तो योगायोग समजला होता. आवाजाचं वय काय, आवाजाला कशाची भीती वाटते, आवाज बाबांशी बोलतो का. आणि ती आवाजावर ढकलून सगळं सांगत गेली होती, चांगली उत्तरं दिल्याच्या आनंदात. इतकी वर्षं तिला वाटत होतं की त्या खोलीत एक फसवणारी आणि एक फसलेली बसली होती.

"घरातल्या पोराला अपॉइंटमेंट?" अक्षरजुळणीवाली भडकली होती. तिने पान टेबलावर आपटलं. "कळलं ना तुला खोटं बोलतोय, कळलं ना? मग जवळ घे की मेले! वही कसली धरतेस?"

"डॉक्टर लोकांचं असंच," चित्रकार म्हणाला. "माझा साडू दातांचा डॉक्टर आहे. बायकोला हसताना बघितलं की दाढा मोजतो."

"हसू नका हो. मला खरंच राग आलाय. त्या पोराने काय मागितलं होतं? आईच ना? तर हिने काय दिलं, तास."

"तास थोडा असतो का?" ती म्हणाली. आपण बोललो हे तिला आवाज बाहेर पडल्यावर कळलं.

"म्हणजे?"

"म्हणजे... तिच्याकडे जे होतं तेच दिलं असेल."

"तुम्हाला मुलगी आहे ना? तुम्ही असं केलं असतं?"

स्वतःच्या मुलीला तिने एवढं जवळ घेतलं होतं, इतक्या वेळा, की मुलगी म्हणायची, आई, श्वास घेऊ दे. पण आज अक्षरजुळणीवालीचं बरोबर होतं हे तिला जितकं कळत होतं, तितकंच, तिने आईला 'मेले' म्हटलेलं तिला सलत होतं. कोणीतरी परकं माणूस आपल्या घरात शिरून भांडी हलवतंय आणि ती चुकीच्या जागी आहेत हे आपल्याला नाकारता येत नाहीये, असं काहीतरी. आणि त्या सगळ्याच्या खाली दुसरीच एक भीती जागी झाली होती. तिसरं पान अजून पालथं होतं. तीन पानांची केस. आईने तिसरं पान लिहिलं असेल तर त्यावर काय असणार, हे तिला माहीत होतं. ते नसावं, पाठीचा कोरा कागद असावा, किंवा मूल बरं झालं एवढंच असावं, असं ती मनाशी घोकू लागली. पाणी प्यावं म्हणून तिने बाटली उचलली आणि झाकण न काढताच खाली ठेवली. दुसरं पान खरं असेल, आईला खोटं कळलेलं असेल, तर त्या गुरुवारचा अर्थच बदलत होता. आईला कळत नव्हतं, या एका गोष्टीवर ती इतकी वर्षं उभी होती. आई फसलेली असेल तर त्या दिवशी जे झालं ते एकट्या तिचं होतं. आणि आईला सगळं माहीत असेल तर?

"तिसरं," प्रशिक्षक मुलगी म्हणाली. या वेळी तिचा आवाज जरा उतरला होता. "हे आपण मनात वाचूया."

*एका गुरुवारी चार वाजून वीस मिनिटांनी दारावर थाप पडली. उपचार चालू असलेला एक माणूस आला होता. त्याचा दिवस तो नव्हता. तो म्हणाला, पाच मिनिटं. आईने मागे वळून मुलाकडे पाहिलं. मूल चित्र काढत होतं, त्याने मान वर केली नाही. आईने त्या माणसाला पाच वाजता यायला सांगितलं. तो आला नाही. दोन दिवसांनी तो वारला. चूक कोणाची? प्रत्येकाने एका ओळीत लिहावं. नाव घालू नये.*

ते घड्याळवाले होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांची टपरी होती, डोळ्याला भिंग लावून बसायचे. तिला एकदा त्यांनी मनगटी घड्याळाचं मागचं झाकण उघडून आत दाखवलं होतं आणि म्हणाले होते, इतकी जवळ येऊ नकोस, श्वासाने बिथरतं ते. त्याच्या दोन वर्षं आधी ते मनाने फार आजारी पडले होते. मग आईकडे यायला लागले, मग बरे झाले, मग त्या थंडीत पुन्हा टपरी उशिरा उघडायला लागली होती. त्या दिवशी थाप पडली ती अगदी हलकी होती. आईने दार हातभर उघडलं. फटीतून तिला ते दिसले. सदऱ्याची बटणं एकेक घर सोडून लागली होती, त्यामुळे एक बाजू वर गेली होती. "बाई, पाच मिनिटं," ते म्हणाले, आणि मग आत बघून, तिला वेताच्या खुर्चीत बघून, "नाही, असू दे, तुमचं चालू असेल तर." आईने मागे वळून पाहिलं. तिला त्या क्षणी सगळं कळलं होतं. बटणांचा अर्थ कळला होता. आता आई दार पुरतं उघडणार आणि वही मिटणार हे कळलं होतं. तिचा तास वीस मिनिटांचा झाला होता. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "आई, आवाज येतोय."

आई थोडा वेळ तशीच उभी राहिली. किती वेळ, ते तिने पुढे कितीतरी वेळा मोजून पाहिलं होतं. मग आई दाराकडे वळून म्हणाली, "पाचला याल? नक्की?" ते म्हणाले, "येतो की. तुमचं चालू द्या." पावलं जिन्यावरून खाली गेली. सव्वापाचला आई टपरीवर गेली, मग त्यांच्या घरी, मग शोधायला. शनिवारी कळलं. कसे गेले, ते तिला कोणी सांगितलं नाही, त्यामुळे तिला ते सगळ्या तऱ्हांनी माहीत झालं. आई रविवारी कामाला गेली. पुढच्या गुरुवारी तिने आईला सांगितलं, आवाज गेला. आईने वही मिटली. "बरं झालं," म्हणाली. त्यावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

चित्रकार पानाच्या कोपऱ्यात काहीतरी रेघोट्या ओढत होता, हात थांबला. "च्यायला," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे हिला माहीत होतं पोरगं नाटक करतंय," अक्षरजुळणीवाली म्हणाली, "आणि तरी त्या खऱ्या आजारी माणसाला परत पाठवलं? जेव्हा जवळ घ्यायचं तेव्हा घेतलं नाही, आणि जेव्हा सोडायचं तेव्हा..."

"पाच मिनिटं मागायलासुद्धा त्याला सकाळपासून धीर गोळा करावा लागला असेल," गोदामवाले काका म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते पानाकडेच बघत होते. "लागतो. एवढंच म्हणतोय."

ती पुन्हा त्या एका ओळीवर आली होती. मूल चित्र काढत होतं, त्याने मान वर केली नाही. तिने पेनाचं टोक त्या ओळीखाली ठेवलं आणि समासापर्यंत नेलं, जसं ती रोज नेते. चित्र नव्हतं. त्या खोलीत कागद-रंग कधी नव्हतेच. तीन गोष्टी बदलून झाल्या होत्या, आणि ही चौथी होती. न वाचता परत द्यावी अशी. जी बाई दुसऱ्याच्या केसमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे करू द्यायची नाही, तिने स्वतःच्या केसमध्ये मुलाच्या हातात खडू दिला होता, मान खाली घालायला लावली होती, आणि त्याच्या तोंडातलं वाक्य काढून घेतलं होतं. म्हणजे दोष द्यायला दार लावणारी आई तेवढी खोलीत उरली.

प्रशिक्षक मुलीने चिठ्ठ्या वाटल्या. दोन बोटं रुंद, पांढऱ्या. ती विचार न करता लिहिती झाली. एवढी वर्षं हेच उत्तर तिच्याकडे तयार होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं. *मुलाची.* तिने चिठ्ठी एकदा घडी घालून डब्यात टाकली आणि तिला, कितीतरी दिवसांनी, पाठ टेकून बसता आलं.

प्रशिक्षक मुलगी उभी राहून एकेक चिठ्ठी उघडत वाचू लागली. "आईची. आईची. वडील कुठे होते? बरोबर आहे, हाही प्रश्न आहे. आईची. कोणाचीच नाही, वेळ वाईट. आईची, दार उघडायला हवं होतं. आईची." त्या आवाजाला चढउतार नव्हता, हजेरी घेतात तसं चाललं होतं, आणि दर वेळी तो शब्द आला की तिच्या खांद्यापाशी काहीतरी बारीक टोचत होतं. मग प्रशिक्षक मुलगी थांबली. हातातली चिठ्ठी तिने वाचली, वाचून दाखवली नाही, बाजूला ठेवली. उरलेल्या सगळ्या वाचून झाल्यावर म्हणाली, "एक चिठ्ठी परत करावी लागतेय. या केसमध्ये ते उत्तर घेत नाहीत."

"चूक आहे का?" चित्रकाराने विचारलं.

"चूक-बरोबर नाही. घेतच नाहीत. आमचे सरही घ्यायचे नाहीत. बाईंपासूनच आहे ते. दर वर्षी एखादं तरी कोणी ते लिहितंच, आणि बाई ती चिठ्ठी न वाचता टेबलावर बाजूला ठेवायच्या, पुन्हा लिहा म्हणून. सरांनी एकदा विचारलं होतं त्यांना, का म्हणून. तर म्हणाल्या, मुलाला आपण या खोलीत बोलायला बोलावलंय का? नाही ना? मग त्याच्यावर लिहायचं नाही." ती घड्याळाकडे बघून हसली. "चला, चहा घेऊया. ज्यांची असेल त्यांनी इथून उचला आणि पुन्हा लिहून डब्यात टाका. मी बघणार नाही."

खुर्च्या सरकल्या. चित्रकार काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना घेऊन गेला. अक्षरजुळणीवाली दारातच कोणाला तरी फोन लावत होती, "जेवलास का? डबा संपवलास का? खरं सांग," असं ओरडत जिना उतरली. ती बसूनच होती. खोली रिकामी झाली तेव्हा उठली, टेबलाशी गेली आणि चिठ्ठी उचलली. प्रशिक्षक मुलगी पानं गोळा करत होती. तिने बघणार नाही म्हटलं होतं तरी बघितलं.

"तुमची का?" तिने हळूच विचारलं. "वाईट वाटून घेऊ नका हं."

"नाही." मग तिने विचारलं, "बाई स्वतः काय म्हणायच्या? चूक कोणाची ते?"

"काहीच नाही म्हणे. सर सांगायचे, त्या उभ्याने सगळ्या चिठ्ठ्या वाचायच्या. मोठ्याने, परत करायची ती सोडली तर एकही न गाळता. चाळीस-चाळीस मुलं असायची वर्गात, आणि आजच्यासारखंच, बहुतेक सगळ्या 'आईची'. वाचून झालं की 'ठीक' म्हणायच्या आणि पुढच्या तासाला काय वाचून यायचं ते सांगायच्या."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. तीस तरी वर्षं." प्रशिक्षक मुलगी थांबली. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?"

ती नको म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे आई होती, फळ्याला पाठ करून, चष्मा खाली ओढून, हातात चिठ्ठ्यांची थप्पी. आईची, आईची, आईची. आणि घरी येऊन चपला काढताना विचारणारी, काय गं, आज शाळेत काय झालं? काही नाही, ती म्हणायची. आणि काही नाही म्हणत दोघी जेवायला बसायच्या.

खालून चहाच्या कपांचा आवाज येत होता, चित्रकाराचं काहीतरी चाललं होतं. "साडेपाचपर्यंत हॉल आपल्याकडे आहे," प्रशिक्षक मुलगी म्हणाली. "तुम्ही बसा." पण स्वतः गेली नाही. पानांचा गठ्ठा छातीशी धरून खिडकीपाशी उभी राहिली.

ती जवळच्या खुर्चीत बसली. चिठ्ठीवरच्या तिच्या शब्दावर तिने काट मारली, एकच, सरळ. खाली जागा उरली नव्हती म्हणून चिठ्ठी उलटी केली. मग तिने बारीक अक्षरात, प्रुफाच्या समासात लिहितात तसं, ओळ न सोडता लिहिलं: *मूल चित्र काढत नव्हतं. आईने वळून पाहिलं तेव्हा ते बोललं. त्याला त्या माणसाची बटणं दिसली होती.* तिने पूर्णविराम दिला. थोडं थांबून, उरलेल्या कोपऱ्यात, आणखी एक ओळ लिहिली, *ते मूल मी*, आणि नाव घालायचं नाही हे माहीत असूनही खाली नाव घातलं, माहेरचं. घडी न घालता ती चिठ्ठी तिने खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलीपुढे धरली.

"मोठ्याने वाचा," ती म्हणाली. "एकही शब्द गाळू नका."